हिरव्या भिंतींचा इतिहास कोणत्या खोलीतून सांगावा?

१/
घराच्या भिंती हिरव्या छटांनी सजवण्याचा विषय निघाला की इतिहासप्रेमी मंडळींत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: नेपोलियनचा जीव त्याच्या खोलीतल्या हिरव्या वॉलपेपरने घेतला. गोष्ट चटकदार आहे. तीत पदच्युत सम्राट आहे, एकाकी बेट आहे, विष आहे. मात्र तिच्या झगमगाटात एकोणिसाव्या शतकातील हिरव्या रंगाचा खरा इतिहास झाकला गेला आहे. हा धागा त्या झाकलेल्या बाजूविषयी.

२/
प्रथम रंगाची अडचण. निसर्गात हिरवा सर्वत्र दिसतो, पण रंगाऱ्याच्या हाती तो सहज येत नसे. पाने कुटून काढलेला रस टिकत नाही. तांब्यापासून मिळणारा जंगाल कालांतराने तपकिरी पडतो. निळा आणि पिवळा मिसळून हिरवा करावा, तर वनस्पतीपासून काढलेला पिवळा उजेडाने आधी उडून जातो. युरोपातील जुन्या विणलेल्या भित्तिपटांवरची झाडे आज निळसर दिसतात, त्याचे कारण हेच.

३/
भारतीय चित्रकार नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करीत. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचे पिवळे संयुग. पोथीतील चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक हाच हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यातूनच आला. म्हणजे सोमल आणि हिरवा यांची ओळख जुनी आहे. मात्र तेव्हा तो चिमटीने वापरला जाई. युरोपात पुढे जे घडले ते कारखान्याच्या मापाने घडले.

४/
१७७५ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधील औषधविक्रेत्या रसायनज्ञाने एक नवा हिरवा तयार केला. पोटॅश आणि पांढरा सोमल पाण्यात उकळून ते द्रावण मोरचुदाच्या द्रावणात ओतायचे. तळाशी हिरवा साका बसतो. तो धुऊन वाळवला की रंग तयार. १७७८ मध्ये त्याने ही कृती प्रसिद्ध केली. साहित्य स्वस्त, कृती सोपी आणि छटा पूर्वीच्या कोणत्याही हिरव्याहून ताजी. ‘शेलेचा हिरवा’ या नावाने तो सर्वत्र पसरला.

५/
या रंगात एक खोट होती. हवेतील गंधकयुक्त वायूंनी तो काळवंडे. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट या गावी विल्हेल्म साटलर आणि फ्रिडरिख रुस यांनी तांबे, सोमल आणि व्हिनेगरमधील आम्ल यांच्या संयोगातून अधिक तेजस्वी व टिकाऊ हिरवा काढला. १८२२ मध्ये त्याची कृती छापून आली आणि तो कोणालाही बनवता येऊ लागला. इंग्लंडमध्ये त्याला ‘एमराल्ड ग्रीन’, म्हणजे पाचूचा हिरवा, असे नाव मिळाले.

६/
रंग तयार होता. भिंतीही तयार होत होत्या. ब्रिटनमध्ये वॉलपेपरवर १७१२ पासून कर होता. तो १८३६ मध्ये उठला. १८३९ मध्ये लँकेशरमधील डार्वेन येथे वाफेवर चालणाऱ्या छपाई यंत्राचे पेटंट घेतले गेले. १८३४ मध्ये सुमारे १० लाख गुंडाळ्यांचे उत्पादन होते. १८६० पर्यंत ते सुमारे ९० लाखांवर गेले. जो कागद पूर्वी श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरता होता, तो आता कारकुनाच्या आणि कामगाराच्या खोलीतही चिकटवला जाऊ लागला.

७/
हिरव्याचीच एवढी ओढ का? शहरे धुराने काळवंडली होती आणि खेडी मागे सुटली होती. भिंतीवरच्या वेली आणि पाने ही हरवलेल्या शिवाराची भरपाई होती. दुसरे कारण उजेडाचे. मेणबत्तीच्या आणि गॅसच्या पिवळट उजेडात इतर अनेक रंग मलूल दिसत, पण हा हिरवा झळकत राही. फिकट पोपटी, शेवाळी, गर्द पानांचा, राखाडी हिरवा, अशा प्रत्येक छटेत कमी-अधिक प्रमाणात हीच भुकटी असे.

८/
ती भुकटी कागदावर सरसाच्या आधाराने बसवलेली असे. सरस सुकला, कागद घासला गेला, भिंत झाडली की रंगाचे कण सुटत. ते धुळीबरोबर गादीवर, अन्नावर, मुलांच्या हातांवर जात. धोका हिरव्यापुरताही मर्यादित नव्हता. पुढे झालेल्या तपासण्यांत निळ्या, गुलाबी आणि राखाडी कागदांतही सोमल आढळला. ‘हिरवा नाही, म्हणजे निर्धोक’ हा गृहिणींचा समज म्हणूनच फसवा ठरला.

९/
आता या धाग्याचा मुख्य मुद्दा. ‘त्या काळातील लोकांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हते’ असे आज सहज म्हटले जाते. ते खरे नाही. हायडेलबर्गचे रसायनज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन यांनी १८३९ मध्येच वृत्तपत्रातून जाहीर इशारा दिला होता. हिरवा कागद लावलेल्या दमट खोल्यांत उंदरांसारखा वास येतो, तो सोमलाशी संबंधित असावा आणि अशा खोल्यांत राहणे घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

१०/
म्हणजे ब्रिटनमध्ये वाफेवरच्या छपाईचे पेटंट आणि जर्मनीत धोक्याचा इशारा या एकाच वर्षातील घटना आहेत. पुढील तीन दशके दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिल्या. सोमल विष आहे हे तर खेड्यातल्या मुलालाही कळत होते, कारण घरात उंदीर मारायला तोच आणला जाई. ज्ञान उपलब्ध होते. प्रश्न असा होता की ते कोणाच्या शरीरावरून सिद्ध व्हावे, म्हणजे ते मानले जाईल?

११/
कायद्याकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. १८५१ मध्ये ब्रिटिश संसदेने सोमलाच्या विक्रीवर कायदा केला. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे नाव वहीत नोंदवावे, पांढरा सोमल साखर-पिठासारखा दिसू नये म्हणून त्यात काजळी किंवा नीळ मिसळावी, असे नियम झाले. चिमूटभर सोमल घेऊन खून करणाऱ्याची भीती त्यामागे होती. तोच सोमल टनांनी रंगाच्या कारखान्यात जात होता. त्याला हा कायदा शिवलाही नाही.

१२/
सर्वांत ठळक पुरावा भिंतींच्या आधी हातांवर दिसला. हीच हिरवी भुकटी कापडी पाना-फुलांनाही लावली जाई. ती फुले स्त्रियांच्या केसांत, टोप्यांवर आणि दिवाणखान्यातील फुलदाण्यांत असत. पॅरिसमधील डॉक्टर माक्सिम व्हेर्नुआ यांनी १८५९ मध्ये ही फुले बनवणाऱ्या कारागिरांच्या हातांवरील जखमांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. फोड, चट्टे, न भरणारे व्रण. ज्या जागी भुकटी साचे, त्याच जागी कातडी सडत होती.

१३/
२० नोव्हेंबर १८६१ रोजी लंडनमध्ये मटिल्डा शॉयरर ही १९ वर्षांची मुलगी मरण पावली. कापडी पानांवर हिरवी भुकटी उडवणे हे तिचे काम. दिवसभर ती भुकटी श्वासातून जाई आणि जेवताना हातावरून पोटात जाई. शेवटी तिला हिरवे पाणी उलटून पडू लागले. डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट झाला होता. जे जे पाहावे ते हिरवे दिसते, असे तिने मरण्यापूर्वी सांगितले. शवविच्छेदनात पोट, यकृत आणि फुप्फुसे या सर्वांत सोमल सापडला.

१४/
तिच्या मृत्यूने लंडनमधील आरोग्यसुधारक स्त्रियांची एक संस्था अस्वस्थ झाली. त्यांनी अशी फुले लंडनमधील ख्यातनाम रसायनज्ञ ऑगस्ट हॉफमान यांच्याकडे तपासायला दिली. फेब्रुवारी १८६२ च्या आरंभी ‘टाइम्स’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: एका साध्या शिरोभूषणातील सोमल सुमारे २० माणसांना मारण्यास पुरेसा आहे. आठवडाभरात ‘पंच’ साप्ताहिकाने सोमलाच्या नृत्याचे व्यंगचित्र काढले. त्यात दोन सांगाडे होते, एक सूट घातलेला आणि एक झगा ल्यालेला.

१५/
त्या चित्रात काय नाही, हेही पाहावे. नाचणारे आहेत, नाचाचा झगा आहे, पण झग्यावरची पाने रंगवणारी मुलगी नाही. वास्तविक ज्या मृत्यूमुळे हा गवगवा झाला तो कारागिराचा होता. महिन्या-दोन महिन्यांतच चर्चा गिऱ्हाइकाच्या धोक्याकडे वळली. हिरव्या रंगाच्या इतिहासात ही अदलाबदल पुन्हा पुन्हा घडते.

१६/
त्याच १८६२ साली पूर्व लंडनच्या लाइमहाउस भागातील एका गरीब कुटुंबात काही आठवड्यांच्या अंतराने चार मुले दगावली. प्रथम घटसर्प समजला गेला. पण शेजारपाजारी कोणालाच तो झाला नव्हता. घराचे पाणी आणि सांडपाण्याची सोय पाहिली गेली, त्यातही काही आढळले नाही. शेवटी संशय मुलांच्या खोलीतील हिरव्या वॉलपेपरवर आला आणि तपासात त्या कागदात सोमल निघाला.

१७/
येथे त्या काळातील शंकेखोरांची बाजूही नीट मांडली पाहिजे. सोमलाच्या दीर्घ विषबाधेची लक्षणे, म्हणजे पोटदुखी, डोकेदुखी, घसा सुजणे, अशक्तपणा, तेव्हाच्या दहा रोगांशी जुळत. एकाच खोलीत एक जण आजारी पडे, दुसरा ठणठणीत राही. लाखो लोक हिरव्या भिंतींत राहत होते आणि मरत नव्हते. कागदावर घट्ट बसलेला रंग हवेतून शरीरात कसा जाईल, याचे खात्रीलायक उत्तर कोणाजवळ नव्हते. त्यामुळे संशय घेणे अगदीच मूर्खपणाचे नव्हते.

१८/
मात्र शंका घेणाऱ्याचा त्या शंकेत काय स्वार्थ आहे, हे विचारणे इतिहासाचे कामच आहे. आणि हा प्रश्न थेट विल्यम मॉरिसपर्यंत नेतो. आजही त्याच्या वेलबुट्ट्यांनी घरे सजतात. १८६२ मध्ये त्याने ‘ट्रेलिस’ हा गुलाबाच्या वेलीचा नमुना रेखाटला आणि १८६४ मध्ये तो विक्रीस आला. २००३ मध्ये अँड्र्यू मेहार्ग या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा एक जुना तुकडा तपासला. हिरव्या रंगात तांबे आणि सोमल दोन्ही सापडले.

१९/
मॉरिसच्या घराण्याची संपत्ती डेव्हन परगण्यातील ‘डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स’ या तांब्याच्या खाणीतून आली होती. १८४४ मध्ये खाण सुरू झाली तेव्हा १०२४ पैकी २७२ भाग त्याच्या वडिलांचे होते. तांबे कमी होऊ लागल्यावर खाणीने सोमल काढायला सुरुवात केली आणि लवकरच ती जगातील मोठ्या सोमल-उत्पादकांत गणली जाऊ लागली. १८७१ पासून काही वर्षे मॉरिस स्वतः तिच्या संचालक मंडळावर होता.

२०/
सोमल कसा काढत? दगड भट्टीत भाजायचा. धूर लांबलचक वळणावळणांच्या बोगद्यांतून न्यायचा. धूर थंड होई आणि भिंतींवर पांढरी साय धरे. ती साय आत शिरून माणसे खरवडून काढीत. नाकात कापसाचे बोळे, तोंडावर फडके, अंगाला माती, एवढेच त्यांचे चिलखत. हिरव्या भिंतीचा इतिहास खरे तर या पांढऱ्या भिंतीपासून सुरू होतो.

२१/
१८८५ मध्ये टॉमस वॉर्डल या रंगारी मित्राला लिहिलेल्या पत्रात मॉरिसने सोमलाच्या भीतीची टर उडवली. चेटकिणींच्या भयाने पूर्वी लोक पछाडले होते तसे आता डॉक्टर पछाडले आहेत, असा त्याचा सूर होता. रोग्याचे नेमके दुखणे कळले नाही की ते भिंतीच्या कागदावर खापर फोडतात, खरा दोष शौचकूपाचा असतो, असेही त्याने सुचवले. गंमत अशी की तोपर्यंत त्याच्या स्वतःच्या कागदांतूनही सोमल हटवला गेला होता आणि तो स्वतः कामगारांच्या हक्कांचा कडवा पुरस्कर्ता बनला होता.

२२/
मॉरिसला ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळावे. हाताने केलेल्या कामाची प्रतिष्ठा, कारागिराचा आनंद हे त्याचे विचार खोटे नव्हते. पण ज्या कारागिराचा आनंद त्याला दिसत होता तो त्याच्याच कार्यशाळेतील होता. बोगद्यात साय खरवडणारा माणूस त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहिला. इतका संवेदनशील माणूस जर हे पाहू शकला नाही, तर प्रश्न स्वभावाचा कमी आणि अंतराचा अधिक आहे. सजलेली खोली आणि खाण यांच्यामध्ये दुकान असते. दुकानात फक्त छटा दिसतात.

२३/
अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. मिशिगनमधील रॉबर्ट केडझी या वैद्यकीय पार्श्वभूमीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८७४ मध्ये सोमलयुक्त वॉलपेपरचे खरे तुकडे बांधून एक पुस्तकच तयार केले आणि त्याच्या १०० प्रती राज्यातील ग्रंथालयांना पाठवल्या. लोकांनी आपल्या घरचा कागद त्याच्याशी ताडून पाहावा हा हेतू. पुस्तकच विषारी असल्याने बहुतेक प्रती पुढे नष्ट करण्यात आल्या. आज मोजक्याच उरल्या आहेत.

२४/
ब्रिटनमध्ये वॉलपेपरमधील सोमलावर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. गिऱ्हाईक बिचकू लागले, विचारू लागले. ‘सोमलविरहित’ असा शिक्का कागद खपवू लागला. १८५९ मध्येच फ्रान्समध्ये ‘व्हिरिडियन’ या क्रोमियमच्या निर्धोक हिरव्याचे पेटंट निघाले होते. तो महाग होता, पण पर्याय नव्हताच असे म्हणता येत नाही. १८८० च्या दशकापर्यंत बहुतेक घरांच्या भिंती निवळत गेल्या.

२५/
यावरून काही अभ्यासक म्हणतात की बाजाराने आपला दोष आपणच सुधारला, कायद्याची गरजच पडली नाही. या युक्तिवादात दोन छिद्रे आहेत. पहिले काळाचे. १८३९ चा इशारा आणि भिंती निवळण्याचा काळ यांच्यात एक संपूर्ण पिढी लहानाची मोठी झाली. दुसरे छिद्र अधिक गंभीर. बाजाराने गिऱ्हाइकाची भिंत स्वच्छ केली, कामगाराचा बोगदा नाही.

२६/
भिंतीवरची मागणी घटली तरी सोमल खपत राहिला. हाच पाचूचा हिरवा ‘पॅरिस ग्रीन’ या नावाने अमेरिकेत बटाट्यावरील भुंगे मारण्यासाठी शेतात पसरला गेला. दिवाणखान्यातून हाकललेले विष शेतात शिरले आणि खाणीतील खरवडणे चालूच राहिले. कारखान्यातील सोमलाच्या विषबाधेची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले ते १८९५ च्या कारखाने कायद्याने. मटिल्डा शॉयररच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी.

२७/
आता खोलीतल्या वासाचे कोडे. १८९० च्या सुमारास बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन संशोधकाने दाखवले की ओल्या भिंतीवरची बुरशी सोमलापासून वायू तयार करते. १९३० च्या दशकात तो वायू ‘ट्रायमिथाइलआर्सिन’ असल्याचे निश्चित झाले. त्यानंतर ‘विषारी वायूने भरलेली खोली’ ही कल्पना लोकप्रिय झाली. पण २००५ मध्ये कलन आणि बेंटली या रसायनशास्त्रज्ञांनी जुने पुरावे तपासून हा वायू मानला जातो तितका घातक नसल्याचे मांडले. मग साधी, हाताला लागणारी धूळच अधिक संशयित उरते.

२८/
आणि नेपोलियन? सेंट हेलेनावरील त्याच्या घरातील वॉलपेपरचा तुकडा एका कुटुंबाच्या चिकटवहीत जपला गेला होता. १९८२ मध्ये डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह त्यात सोमल असल्याचे दाखवले. पण २००८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी त्याचे बालपणापासूनचे केस तपासले. सोमलाचे प्रमाण आजच्या मानाने पुष्कळ होते, मात्र ते आयुष्यभर जवळपास सारखेच होते आणि त्याच्या समकालीनांच्या केसांतही तेवढेच होते. ५ मे १८२१ च्या त्या मृत्यूमागे पोटाचा विकार हेच अधिक पटणारे कारण आहे.

२९/
येथे एक विसंगती नजरेत भरते. नेपोलियनच्या बाबतीत पुरावा दुबळा आहे आणि त्याच्यावर पुस्तके, लेख, चित्रफिती यांचा डोंगर आहे. मटिल्डा शॉयररच्या बाबतीत पुरावा तिच्या पोटात, यकृतात, फुप्फुसांत होता आणि तिचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नाही. इतिहास सांगणाऱ्याने कोणाला मध्यभागी ठेवावे हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. त्यातून कोणाचे दुखणे पुरावा म्हणून धरायचे हेही ठरते.

३०/
हा विषय संपलेला नाही. १८५० च्या आसपासच्या कापडी बांधणीच्या पुस्तकांवरही हाच हिरवा चढवलेला असे. २०१९ मध्ये अमेरिकेतील विंटरथर संग्रहालय आणि डेलावेअर विद्यापीठ यांनी अशी पुस्तके शोधून नोंदवण्याचा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून अनेक ग्रंथालये आपल्या कपाटातील हिरवी पुस्तके वेगळी काढत आहेत. जुन्या ग्रंथसंग्रहात काम करणाऱ्या तरुण अभ्यासकांना हातमोजे घालण्याचे हे एक सबळ कारण.

३१/
घर हिरव्या छटांनी सजवण्यात गैर काही नाही. डोळ्यांना ती हिरवाई हवीहवीशी वाटते, तशीच ती धुरकट लंडनमधील माणसालाही वाटत होती. त्याच्या त्या इच्छेला हसण्याचा अधिकार आजच्या कोणालाही नाही. फक्त रंग निवडताना ‘हा माझ्या घरात सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडला पाहिजे: ज्या हातांनी हा बनवला, त्या हातांसाठी तो सुरक्षित होता का? एकोणिसाव्या शतकाने पहिला प्रश्न उशिरा विचारला. दुसरा जवळजवळ विचारलाच नाही.

३२/
पोथीतील चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला जाई, कारण तेथे बरोबर अक्षर लिहायचे असे. हिरव्या भिंतींच्या प्रचलित कथेत उलटे झाले आहे. सम्राटाच्या नावाने फासलेल्या हरताळाखाली बरोबर अक्षरेच दडली आहेत: फुले रंगवणारी १९ वर्षांची मुलगी, लाइमहाउसची चार मुले, नाकात कापूस कोंबून बोगद्यात शिरणारी माणसे. पुढच्या वेळी ही गोष्ट सांगताना तिची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.

#इतिहास #धागा